परदेशात शिकताना वाट चुकली तर: अनुभव धागा

गोव्यातून यंदा शिकायला बाहेर निघालेल्या मुलांसाठी हा धागा. नव्या शहरात पायी भटकताना वाट चुकणारच. ‘जपून राहा’ सगळेच सांगतात. इथे नेमकं काय करायचं ते लिहा, शहराच्या नावासकट.

फोंडा, सध्या लिस्बन

अल्फामात, म्हणजे इथल्या डोंगरउतारावरच्या जुन्या वस्तीत, नकाशावरच्या निळ्या ठिपक्याचा भरवसा धरू नका. अरुंद गल्ल्यांत उपग्रहाचा सिग्नल भिंतींवर आपटून येतो आणि ठिपका शेजारच्या गल्लीत उडी मारतो. बाण कुठे वळलाय ते बघू नका. वीस-पंचवीस पावलं एकाच दिशेने चाला आणि ठिपका कुठे सरकतो ते बघा. तरीही जमेना तर उतार धरा. खालचा बैशा भाग १७५५च्या भूकंपानंतर काटकोनी रस्त्यांनी नव्याने बांधलाय, तिथे चुकणं कठीण. रुआ आउगुश्ताने दक्षिणेकडे गेलात की सरळ तेजू नदीवरचा चौक. पणजीतल्या फोन्तेन्यासच्या गल्ल्या पाठ असलेल्यांना हे सोपं वाटतं, पण फोन्तेन्यास दहा मिनिटांत संपतं!

घराचा पत्ता पूर्ण पाठ करा. घर क्रमांक आणि मजल्यानंतर ‘एश्केर्दु’ म्हणजे डावं की ‘दिरैतु’ म्हणजे उजवं दार, हेही त्यात असतं. बेलवर बऱ्याचदा नाव नसतं, मग इमारत सापडूनही माणूस खालीच उभा. आणि फुटपाथचा पांढरा चुनखडी दगड पावसात भयंकर निसरडा होतो. गुळगुळीत तळव्याचे बूट नकोत.

म्हापसा, सध्या बर्लिन

रिंगवर, म्हणजे शहराभोवतीच्या लोकलच्या गोल मार्गावर, एस ४१ ही गाडी घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरते, एस ४२ उलटी. पूर्ण फेरी तासाभराची. उलट्या गाडीत बसलात तर पुढच्या स्टेशनवर उतरून दुसरी पकडा. कागदी तिकिटावर प्लॅटफॉर्मवरच्या छोट्या मशीनमध्ये शिक्का मारायचा असतो. नाही मारला तर तिकीट असूनही ६० युरो दंड.

शहराबाहेर जाताना खरी गोची वेगळीच. काही गाड्या वाटेत दोन तुकड्यांत विभागतात, मागचे डबे भलत्याच गावाला जातात. आपल्या कदंब बसमधल्यासारखा कंडक्टर ओरडून सांगणार नाही, म्हणून चढण्याआधी आपल्या डब्यावरची पाटी वाचा. डिसेंबरात चारच्या आधी सूर्य मावळतो. जंगलातली भटकंती सकाळीच उरका.

डिचोली, निघायच्या तयारीत

गूगलचा नकाशा डाउनलोड करून ठेवला की पुरे ना?

म्हापसा, सध्या बर्लिन

नाही रे बाबा. नेट नसताना तो गाडीचा रस्ता दाखवतो, चालायचा किंवा बस-ट्रेनचा नाही. पायी फिरायला ऑर्गॅनिक मॅप्स हे अ‍ॅप ठेव, त्यात पायवाटाही असतात. जीपीएसला नेट लागत नाही, बॅटरी लागते. आणि कडक थंडीत फोन ३० टक्क्यांवरूनही बंद पडतो. जॅकेटच्या आतल्या खिशात ठेव.

पेडणे, सध्या टोक्यो

इथल्या पत्त्यात बहुधा रस्त्याचं नावच नसतं. भाग, गट आणि इमारतीचा क्रमांक, एवढंच. आणि क्रमांक ओळीने असतीलच असं नाही. पत्ता जपानी लिपीत कागदावर लिहून ठेवा आणि कोबानमध्ये, म्हणजे कोपऱ्यावरच्या छोट्या पोलीस चौकीत, दाखवा. वाट सांगणं हे त्यांचं रोजचंच काम आहे. शिंजुकू स्टेशनातून बाहेर पडायच्या वाटा २०० हून जास्त आहेत, तेव्हा आपली वाट आतच ठरवा.

फोंडा, सध्या लिस्बन

राहिलंच. इथली मेट्रो रात्री एकला बंद होते. त्यानंतर रात्रीच्या बसगाड्या काइश दु सोद्रे स्टेशनाजवळून सुटतात. स्टॉपवर नुसतं उभं राहू नका, हात दाखवा, नाहीतर बस तशीच पुढे जाते.