मदत हवी आहे: लेकीचं लग्न मैथिल घरात ठरलंय, तारखेवरून गाडी अडलीय

जाईजुई

नमस्कार मंडळी. एरवी नुसती वाचत असते, धागा पहिल्यांदाच काढतेय. लांबण लागेल, सांभाळून घ्या.

आम्ही नाशिकचे, इंदिरानगरला राहतो. धाकट्या लेकीचं लग्न ठरलंय. मुलगा झा, बिहारचे मैथिल ब्राह्मण, गाव दरभंग्याजवळ. पण वाढला ओझरला. वडील तिथल्या विमान कारखान्यात, एचएएलमध्ये होते, त्यामुळे शाळा टाऊनशिपमध्ये आणि कॉलेज नाशकात. मराठी आमच्यापेक्षा अस्सल नाशिकची बोलतो. मुलगा आम्हां दोघांनाही आवडलाय, त्याबद्दल काही म्हणणंच नाही. आईवडील आता गावी असतात.

साखरपुडा छान पार पडला. मग गुरुजींनी मार्गशीर्ष शुद्ध पंचमीचा मुहूर्त काढून दिला, हॉलही मोकळा होता, म्हणून मी हौसेने दरभंग्याला कळवलं. तेव्हापासून तिकडे चिडीचूप. फोन उचलतात, माझ्या गुडघ्याची चौकशी करतात, पण तारखेचं नाव काढलं की "देखते हैं, भाभीजी". मुलाला विचारलं तर "काकू, बाबा बोलतील." आणि बाबा काही बोलत नाहीत. हॉलवाला रोज फोन करतोय.

आमच्याकडच्या मंडळींना मात्र कारण लगेच कळलंय. मोठे दीर म्हणतात, "थांब, आता आकडा येईल." जाऊबाईंनी तर तिकडे इंजिनियरचा भाव काय चाललाय तेही सांगितलं, कुठून कळलं देव जाणे. खरं सांगते, त्या माणसाने पहिल्या भेटीतच हात जोडून "हमें कुछ नहीं चाहिए" म्हटलं होतं. विचारलं ते फक्त गोत्र, आणि माझ्या माहेरच्या पाच पिढ्या. पण दिरांच्या तोंडून रोज ऐकून ऐकून आता आमचे हेही संध्याकाळी मुदत ठेवींच्या पावत्या काढून बसायला लागलेत.

दुसरं. साखरपुड्यानंतर दिरांनी सगळ्यांना पंचवटीत घरी जेवायला बोलावलं. जेवताना पंक्तीत म्हणाले, "पण काही म्हणा, हा बिहारी वाटतच नाही! स्वच्छ, शिकलेला, मराठी तर काय फर्डं." त्यांच्या मते हे कौतुक. मुलगा हसला, आणखी एक पुरणपोळी घेतली. थोड्या वेळाने त्याच्या आईचा फोन आला, तर हा उठून जिन्यात गेला आणि तिथे अगदी खालच्या आवाजात बोलला. लेक म्हणाली, तो नेहमीच असं करतो. 2008 च्या फेब्रुवारीत आपल्याकडे परप्रांतीयांना मारहाण झाली, अंबड-सातपूरचे हजारो कामगार मिळेल त्या गाडीने गावी गेले, ते आठवत असेल. तेव्हा तो सहावीत होता. आईने बजावलं होतं की ओझरहून नाशिकला एसटीने जाताना घरची भाषा काढायची नाही, काही हवं असेल तर मराठीत माग. ती सवय अजून आहे.

आणि एकतर्फी नको म्हणून हेही सांगते. लेक तिकडे जाऊन आली, तर चुलत सासूने विचारलं, "तुम लोग तो हमारे लड़कों को मारते हो ना?" दुसरी म्हणे, महाराष्ट्रात सुना सासरी टिकत नाहीत. तिसरी म्हणे, तिथे पाहुण्याला बशीभर पोहे देऊन वाटेला लावतात. हे तिसरं कुठून आलं ते मला माहीत आहे. ते पहिल्यांदा आले तेव्हा मी कांदेपोहे केले होते. विहीणबाई बशीकडे बघतच राहिल्या. त्यांच्याकडे पोह्यांना चूडा म्हणतात आणि दह्यात कालवून खातात. हळद-मोहरीची फोडणी दिलेला चूडा बघून त्यांना हसू आवरेना. मग खाल्ले, आणि जेवणाची वाट बघत बसल्या. आम्ही चहा दिला.

तर प्रश्न: तारखेचं काय असावं? दिरांना गप्प कसं करायचं? आणि मैथिल लग्नाचा कुणाला अनुभव असेल तर मुलीकडच्यांनी काय तयारी ठेवायची? सल्ले द्या, राजकारण नको.

खडूस_काका

ताई, एवढं मनाला लावून घेऊ नका. आमच्या घरी देशस्थात कोकणस्थ सून आली तेव्हा हिशोबीपणावरून वर्षभर टोमणे चालले, तिनेही आमच्या अघळपघळपणावर तोंडसुख घेतलं. आता तीच घर चालवते. जावयाची चेष्टा व्हायचीच. कानपिळीत मेहुण्याने कान पिळला की सगळं फिटतं.

जाईजुई

काका, तुमचं पटतंय, पण अर्धंच. कोकणस्थ आहे म्हणून तुमच्या सुनेला एसटीत गप्प बसावं लागलं नव्हतं.

कोसीकाठ

मी मूळची सिन्नरची, सासर मधुबनी. ताई, तुमचा धागा वाचून मी स्वयंपाकघरातून ओरडले आणि सासूबाई धावत आल्या.

मार्गशीर्ष शुद्ध पंचमी म्हणजे विवाहपंचमी! राम-सीतेच्या लग्नाची तिथी. जनकपूरला त्या दिवशी थाटात लग्न लावतात, सारी मिथिला लोटते. पण घरचं कार्य त्या दिवशी कुणी करत नाही. सीता म्हणजे इथल्यांची लेक. तिच्या वाट्याला काय आलं? वनवास, हरण, अग्निपरीक्षा आणि पुन्हा वनवास. म्हणून ती तिथी पूजेला चालते, लग्नाला नाही. आणि ती तारीख तुम्ही कळवलीत कुठून, तर नाशिकहून. पंचवटीच्या गावातून! घरात आजी असेल तर तिने अंथरूणच धरलं असेल.

तुमचे व्याही बोलत नाहीत कारण लाजतायत. इतकी वर्षं ओझरला कारखान्यात काढलेला माणूस, तुम्हां शहरी मराठी लोकांना "आमच्याकडे अशी समजूत आहे" कोणत्या तोंडाने सांगणार? बिहारी म्हणजे मागासलेले हे ऐकून ऐकून ती माणसं अशा गोष्टी बाहेर काढतच नाहीत. उद्या तुम्हीच फोन करा आणि सांगा, आम्हांला आत्ताच कळलं, दुसरी तारीख काढू. खरमास लागायच्या आत, म्हणजे साधारण 15 डिसेंबरच्या आत बघा. त्यानंतर संक्रांतीपर्यंत त्यांच्याकडे कार्य होत नाही. आपल्याकडेही धनुर्मास असतोच.

पाच पिढ्या विचारल्या त्याचं कारण पंजी. मैथिल ब्राह्मणांच्या वंशावळींच्या जुन्या पोथ्या असतात, पंजीकार त्या बघून लग्न जुळतं की नाही ते लिहून देतो. आईच्या बाजूच्या पाच आणि वडिलांच्या बाजूच्या सात पिढ्या. तुमच्या मुलीची नोंद त्यात असणारच नाही. तरी विचारलं, म्हणजे तिला रीतसर सून करून घ्यायचं मनात आहे. मला विचारलं तेव्हा मीही फणकारले होते.

तयारीचं म्हणाल तर लग्न रात्री लागतं, पहाटेपर्यंत चालतं. सिंदूरदान हा मुख्य विधी. आपला मुहूर्त सकाळचा किंवा गोरज, तेव्हा दोन्ही एकाच दिवशी सहज बसतात. अंतरपाट, मंगलाष्टका सकाळी, सिंदूर रात्री. त्यांच्याकडे मुलीकडच्या बायका वऱ्हाडाला जेवताना शिव्यांची गाणी म्हणतात, डहकन म्हणतात त्याला. पाहुणे त्याची वाट बघतात, नाही म्हटली तर रुसतात. तुमच्या जाऊबाई कामी येतील!

एक खोली कोहबरसाठी, म्हणजे नवरा-नवरीसाठी मोकळी ठेवा, तिथल्या भिंतीवर चित्र काढतात. बांबू, कमळ, मासे. तुम्ही मधुबनी चित्रं बघितली असतील, त्यांचं मूळ त्या भिंतीवर आहे. आणि मुख्य म्हणजे नवरा मुलगा चौथ्या दिवसापर्यंत सासरीच मुक्काम करतो. चतुर्थी, म्हणजे त्या चौथ्या दिवसाचा विधी झाल्यावर मासे. हो, ब्राह्मण आणि मासे. मिथिलेत मासा शुभ. आपल्या सारस्वतांना कुणी विचारत नाही, मैथिलांना मात्र प्रत्येक जण डोळे मोठे करून विचारतो.

पोह्यांचं मनावर घेऊ नका, पण पुढच्या खेपेला ताट वाढा. पाच-सहा भाज्यांचे काप तळून, भात, डाळ, वर दही. इथे पाहुण्याने "पुरे" म्हटल्यावर तीनदा वाढतात. आपण "पुरे" म्हटलं की खरंच थांबतो. त्यांना वाटतं आपण चिक्कू, आपल्याला वाटतं ते जबरदस्ती करतात.

अक्षता_पुणे

नोंदणीचं थोडक्यात. दोघंही हिंदू आहेत, त्यामुळे राज्य वेगळं असलं तरी 1955 च्या हिंदू विवाह कायद्याखालीच लग्न होतं. 1954 च्या विशेष विवाह कायद्यातली 30 दिवसांची नोटीस तुम्हांला लागू नाही. महापालिकेच्या विवाह नोंदणीत पत्रिका, फोटो, गुरुजींची सही आणि तीन साक्षीदार लागतात. विधी दोन असले तरी नोंद एकाचीच करा, नाहीतर प्रमाणपत्रावरच्या तारखेचा घोळ होतो. हुंड्यावर 1961 पासून बंदी आहे, तेवढं दिरांच्या कानावर घाला. मागणारा आणि देणारा दोघंही गुन्हेगार, म्हणजे तुमच्या ह्यांनी त्या पावत्या परत कपाटात ठेवलेल्या बऱ्या.

आणि ताई, दिरांना चारचौघांत ठणकावून सांगा. आपणच गप्प बसतो म्हणून हे चालतं.

सातपूरकर

मी अक्षताताईंशी सहमत नाही. माझे वडील जौनपूरहून सातपूरला कंपनीत आले, माझा जन्म सिव्हिलमधला. रंगपंचमीला जुन्या नाशकातल्या रहाडीत, म्हणजे रंगाच्या हौदात उडी मारणारा माणूस आहे मी, आणि मलाही "वाटत नाहीस रे यूपीचा" हे ऐकवतात. मी थँक्यू म्हणतो आणि घरी येऊन चिडतो. का चिडतो? कारण त्या वाक्यात माझी आई बाहेर राहते. ती "वाटते" ना. तिची साडी, तिचं हिंदी, रामकुंडावर छटपूजेला सूप घेऊन पाण्यात उभं राहणं.

पण पंक्तीत कुणी माझी बाजू घेऊन भाषण ठोकलं तर मला जमिनीत गाडून घ्यावंसं वाटतं. मग सगळे माझ्याकडेच बघतात आणि दिलजमाई मलाच करावी लागते. दिरांना सांगायचं तर एकटं गाठून सांगा, तेही मुलाचं नाव न घेता, "मला आवडलं नाही" एवढंच.

त्यापेक्षा एक करा. पुढच्या वेळी त्याच्या आईचा फोन आला की टीव्ही बंद करू नका, खोलीही रिकामी करून देऊ नका. तिथेच भाजी निवडत बसा आणि मधेच म्हणा, "माझाही नमस्कार सांग." दोन-तीनदा झालं की तो जिन्यात जायचा थांबेल. थांबला नाही तरी विचारू नका.

खडूस_काका

सातपूरकर, हे मला सुचलं नव्हतं. आई बाहेर राहते हे बरोबर आहे तुमचं.

जाईजुई

सगळ्यांचे आभार, कोसीकाठ तुमचे दुप्पट. फोन केला. "विवाहपंचमी आहे हे आम्हांला माहीत नव्हतं" एवढं म्हटल्याबरोबर पलीकडे मोठ्ठा सुस्कारा आणि मग व्याही जे सुटले ते तासभर बोलत होते. आजींनी खरंच जेवण सोडलं होतं. त्यांनी फोन मागून घेतला आणि मला मैथिलीत पुष्कळ काही सुनावलं. व्याह्यांनी त्यातल्या एकाच वाक्याचं हिंदी करून सांगितलं: आमची एक मुलगी तुमच्या पंचवटीतून गेली, आता तुमची आमच्याकडे येतेय, तिला नीट सांभाळू. मी गंमतीत "फिटंफाट" म्हणणार होते, पण हिंदीत काय म्हणायचं ते सुचलं नाही.

नवी तारीख पंचमीनंतर पाच दिवसांनी. तो हॉल गेला, पाथर्डी फाट्याजवळ लॉन्स मिळालं. वऱ्हाड पवन एक्स्प्रेसने नाशिकरोडला उतरेल. सकाळी आपलं लग्न, रात्री त्यांचं. डिसेंबरच्या थंडीत लॉन्सवर पहाटेपर्यंत बसायचं म्हणजे शेकोट्या सांगाव्या लागतील.

दिरांना एकटं गाठलं. ऐकून घेतलं, मान हलवली आणि जाता जाता म्हणाले, "तारखेचं ठीक आहे गं, आकडा लग्नानंतर काढतात." म्हणजे काही फरक नाही. डहकनची गाणी मात्र जाऊबाई पाठ करतायत, लेकीने व्हॉट्सअ‍ॅपवर मागवून दिली.

आता एकच राहिलं. जावई चार दिवस आमच्याकडे, सोबत त्याची आत्या आणि दोन चुलतभाऊ. सासूबाईंचं ठाम म्हणणं, आपल्या ओट्यावर मासा शिजणार नाही. गच्चीवर शेगडी लावली तर पाहुण्यांना वाईट वाटेल का?

कोसीकाठ

अजिबात नाही, इथे कार्याचे मासे अंगणातच शिजतात. रोहू सांगा, आणि मोहरीचं तेल दरभंग्याहूनच आणायला सांगा, नाहीतर आत्याबाई नाशिकच्या तेलाला नावं ठेवतील. ते तेल तापलं की वास तीन मजले खाली येतो. सासूबाईंना त्या दिवशी सकाळीच नणंदेकडे पोचवा.