कार्बन प्लेटचे शूज: तुम्हाला काय अनुभव आला?

धावणाऱ्या मंडळींना एक विचारायचं आहे. मी पदकासाठी धावत नाही, वयोगटाच्या यादीत कुठेतरी मध्ये असते. गेल्या काही वर्षांत आमच्या गटातल्या निम्म्या लोकांच्या पायात जाड तळव्याचे, आत कार्बन प्लेट (कार्बन फायबरची ताठ पट्टी) असलेले शूज आले. मागच्या हाफ मॅरेथॉननंतर त्यावरून चक्क भांडण झालं. एकाने स्वतःची जुनी वेळ ६ मिनिटांनी मोडली, तेव्हा एक मैत्रीण सगळ्यांसमोर म्हणाली, "ही वेळ तुझी नाही, शूजची आहे." तो त्यानंतर सरावाला आलेला नाही. मला ते फार लागलं, म्हणून हा धागा. हे शूज घालून धावलेल्यांनी लिहा, आणि ठरवून न घेतलेल्यांनीही. जाहिरातीतले आकडे नकोत, स्वतःचे सांगा.

*

माझ्यापुरतं तरी पैसे वसूल झाले. माझी मॅरेथॉन तीन वर्षं ३ तास १४ मिनिटांवर अडकली होती. सराव तोच, मार्ग तसाच सपाट, फक्त शूज नवे, आणि ३:१० आली. खरा फरक ३२ किलोमीटरनंतर कळला. एरवी तिथे पोटऱ्या दगडासारख्या होतात, या वेळी त्यांच्यात अजून जीव होता.

हे शूज '४ टक्के' फायदा देतात असं म्हणतात, त्या आकड्याचा मात्र फार गैरसमज आहे. २०१७ साली तो ज्या चाचणीतून पुढे आला, तिच्यात १८ वेगवान धावपटू होते, ताशी १४ ते १८ किलोमीटर वेगाने धावलेले. बचत झाली ती ऊर्जेच्या खर्चात. घड्याळात दिसणारा फायदा त्याहून कमी असतो. दुसरं म्हणजे, नाव कार्बनचं होतं पण मोठं काम तळव्यातल्या फोमचं आहे. संशोधकांनी नंतर त्या प्लेटला आडवे छेद देऊन तेच शूज तपासले, तरी ऊर्जेच्या खर्चात जवळजवळ फरक पडला नाही. पाय टेकला की दबणारा आणि दाबाची बहुतेक ऊर्जा परत देणारा हलका फोम, ही त्यातली मुख्य गोष्ट. तो फोम लवकर थकतो हेही लक्षात ठेवा. माझ्या जोडीची उसळी अडीचशे किलोमीटरनंतर जाणवेनाशी झाली.

*

वरचे दादा वेगवान आहेत. मी मॅरेथॉनला पाच तास घेते, माझं ऐका. वेळेत काहीही फरक पडला नाही. वळणावर घोटा डगमगायचा आणि पाणी घ्यायला थांबलं की उंच ओट्यावर उभं राहिल्यासारखं वाटायचं. नंतर वाचलं की २०२३ साली ताशी १० किलोमीटर वेगाने चाचणी घेतली तेव्हा सरासरी बचत १ टक्क्याच्याही आत आली, आणि काही जणांना तर उलट जास्त ऊर्जा लागली. म्हणजे माझा अनुभव जगावेगळा नव्हता. एक फायदा मात्र खरा: दुसऱ्या दिवशी जिने उतरताना मांड्या बोलल्या नाहीत. पण त्यासाठी मऊ, साधे, बिनप्लेटचे शूजही चालले असते, आता तेच वापरते.

*

कृपया हे वाचाच. मी हे शूज रोज घालायला लागलो. सोमवारचा हलका रन, इंटरव्हल (थांबून थांबून वेगाने धावणं), लाँग रन (आठवड्यातलं लांब पल्ल्याचं धावणं), सगळं त्यातच. दहाव्या आठवड्यात पावलाच्या वरच्या बाजूला, कमानीच्या टोकाशी एका बोटाएवढ्या जागेत दुखायला लागलं. सूज नाही, काळंनिळं नाही, म्हणून मी आणखी तीन आठवडे धावलो. ती माझी चूक. एमआरआयमध्ये नेव्हिक्युलर नावाच्या हाडाला ताणामुळे भेग निघाली. सहा आठवडे कुबड्या, आणि पुन्हा पाच किलोमीटर सलग धावायला सात महिने. या हाडाला रक्तपुरवठा कमी असतो, त्यामुळे ते सावकाश भरतं. २०२३ साली डॉक्टरांनी कार्बन प्लेटचे शूज वापरणाऱ्या पाच खेळाडूंमध्ये याच हाडाच्या दुखापती नोंदवल्या आहेत. पाच जणांवरून शूजनेच हाड मोडतं असं म्हणता येणार नाही, आणि मीही म्हणत नाही. पण शूजचा तळवा ताठ असला की पावलावरचा भार वेगळ्या जागी जातो, आणि माझ्या पावलाला त्याची सवय व्हायला मी वेळच दिला नाही. शर्यत आणि त्याआधीचे दोन-तीन वेगवान सराव, एवढ्यापुरतेच ते ठेवा. त्या जागी बोट दाबून दुखलं तर त्याच दिवशी थांबा.

*

ओल्या रस्त्यावर माझे घसरतात. बाकी तक्रार नाही.

*

न्यायाबद्दल कुणीच लिहिलं नाही म्हणून लिहिते. वर्ल्ड ॲथलेटिक्स या जागतिक संघटनेने जानेवारी २०२० मध्ये नियम केला: रस्त्यावरच्या शर्यतीत तळव्याची जाडी जास्तीत जास्त ४० मिलिमीटर आणि ताठ प्लेट एकच. २०२१ मध्ये व्हिएन्ना मॅरेथॉनमध्ये पहिल्या आलेल्या धावपटूला जाड तळव्याच्या शूजमुळे बाद केलं गेलं. आमच्या मागच्या गर्दीत मात्र माझ्या पाहण्यात कधी कुणी शूजची जाडी मोजलेली नाही.

तुम्ही म्हणाल, हौशी माणसाला काय करायचंय? मला करायचं होतं. मी बोस्टन मॅरेथॉनसाठी लागणारी पात्रता वेळ गाठली, साध्या शूजमध्ये, पण २०२५ च्या शर्यतीला तेवढ्याने भागलं नाही. पात्रता वेळेपेक्षा ६ मिनिटं ५१ सेकंद वेगवान असलेल्यांनाच जागा मिळाली. शूज हे त्याचं एकमेव कारण नव्हे, अर्ज करणारेच वाढलेत. तरीही सगळ्यांच्या वेळा खाली सरकल्या की साधे शूज घालणाऱ्याला तिथेच उभं राहायलाही जास्त पळावं लागतं. म्हणजे शूज घेणं ऐच्छिक राहत नाही. मी आता घेतले आहेत, पण मनापासून नाही. पोहण्यात वेग वाढवणारे, अंगभर घट्ट बसणारे पोशाख २०१० पासून बंद केले, तशी हिंमत इथे दिसली नाही याचं मला आजही वाईट वाटतं.

*

धाग्यातला 'तो' मीच. तू माझ्याबद्दल लिहिलंस ते वाचून बरं वाटलं, म्हणून उत्तर देतो.

माझी हाफ मॅरेथॉन १ तास ५८ मिनिटांवरून १:५२ वर आली. त्या शर्यतीआधीचे अकरा महिने मी आठवड्यातून चार दिवस पहाटे उठलो, सात किलो वजन उतरवलं, आणि पहिल्यांदाच टेम्पो रन (बराच वेळ एकाच जलद वेगाने धावणं) नियमाने केले. "वेळ शूजची" हे वाक्य मला झोपू देईना, तेव्हा पाच आठवड्यांनी त्याच मार्गावर, तशाच थंड सकाळी, जुने झिजलेले शूज घालून एकटा धावलो. १:५४ आणि काही सेकंद. शर्यतीतली गर्दी नव्हती, टाळ्या नव्हत्या, त्यामुळे हिशोब काटेकोर नाही. पण शूजचे म्हणायचे तर ते दोनेक मिनिटं, आणि उरलेली जवळपास चार माझी. वहीत आता दोन्ही वेळा वेगवेगळ्या लिहिल्या आहेत, शूजच्या नावासकट.

तिला सांग, रविवारी येतोय. लाँग रनला जुनेच घालीन.