प्रतिसाद: वजनकाट्यावर उभं राहण्यात कसला कमीपणा?

दादा, तुम्ही विचारलंय की बी.कॉम. झालेल्या मुलाने जळगावच्या डाळमिलमध्ये काट्यावर उभं राहायचं का. मी म्हणेन, खुशाल राहू द्या.

माझा भाचा असाच एमआयडीसीत लागला. काम काय, तर गाडी आली की पोत्यात टोकदार नळी खुपसून तुरीचा नमुना काढायचा, तळहातावर पसरून किडका दाणा, माती, ओल बघायची. पहिले काही महिने नुसती धूळ खाल्ली पोराने. पण तुरीला आधी चरे पाडून तेल-पाणी का लावतात, उन्हात वाळवल्याशिवाय साल नीट का सुटत नाही, चुरी (डाळीचा तुकडा-भुगा) वाढली की मालकाचं किती नुकसान होतं, हे तो तिथेच शिकला. आज खरेदीचा भाव ठरवताना मालक आधी त्याला विचारतात. ऑफिसातल्या खुर्चीवरून हे आलं नसतं.

पुढे जैन इरिगेशन उभारणाऱ्या आपल्या वाकोदच्या भवरलाल जैनांनी १९६३ मध्ये रॉकेल विकण्यापासूनच सुरुवात केली होती ना!

मात्र खालून सुरुवात म्हणजे फुकट राबणं नव्हे. ‘आधी शिक, पगाराचं नंतर बघू’ म्हणणाऱ्याकडे पोराला अजिबात पाठवू नका. शिकाऊ म्हणून घेत असतील तर १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याप्रमाणे नोंदणी आणि विद्यावेतन मागा. वीस किंवा जास्त कामगार असतील तर पीएफचंही पहिल्याच दिवशी विचारा. आणि हो, हमाल मंडळींशी त्याला अदबीनं बोलायला सांगा, माल खरा तेच ओळखतात.