ब्रिटनमधली पोटनिवडणूक: सहा महिन्यांची अट आणि आपलं मत

एकांनी विचारलंय, भारतासारखीच ब्रिटनच्या संसदेतही जागा रिकामी झाल्यावर सहा महिन्यांत पोटनिवडणूक घ्यावी लागते का? नाही, तशी मुदत कायद्यात नाही. जागा ज्या पक्षाची होती, त्याचा मुख्य प्रतोद सभागृहात प्रस्ताव मांडतो, मग निवडणुकीचा आदेश निघतो. जागा रिकामी झाल्यापासून साधारण तीन महिन्यांत प्रस्ताव मांडावा हा संकेत. आदेशानंतर मात्र २१ ते २७ कामकाजाच्या दिवसांत मतदान घ्यावंच लागतं.

यात आपल्या लोकांना हमखास माहीत नसतं ते असं: तिथे कायदेशीर राहणारा भारतीय नागरिक, अगदी वर्क व्हिसावरचाही, राष्ट्रकुलातल्या (कॉमनवेल्थ) देशाचा नागरिक म्हणून मत देऊ शकतो. मतदार यादीत नाव आपोआप लागत नाही. मतदानाच्या १२ कामकाजाचे दिवस आधी नोंदणी, ११ कामकाजाचे दिवस आधी संध्याकाळी पाचपर्यंत टपाली मताचा अर्ज. केंद्रावर फोटो ओळखपत्र लागतं. भारतीय पासपोर्ट चालतो, ऑफिसचं कार्ड नाही.

एका मताने काय होतंय म्हणणाऱ्यांनी १ मे २०२५च्या रनकॉर्न आणि हेल्स्बी मतदारसंघातल्या पोटनिवडणुकीची मोजणी बघावी. रिफॉर्म पक्षाला १२,६४५ मतं, लेबर पक्षाला १२,६३९. फेरमोजणीनंतर फरक सहा! अशा वेळी संशयास्पद मतपत्रिका एकेक करून तपासतात. उमेदवाराच्या नावापुढे फुलीऐवजी बरोबरची खूण असली तरी कौल स्पष्ट असेल तर मत धरतात. पण खाली सही ठोकली की ओळख पटते म्हणून बाद. त्यामुळे फुली मारा, बाकी काही लिहू नका. बरोबरी झालीच तर निर्णय चिठ्ठी टाकून.