सरपणाच्या व्यवसायात चिपाट्यांची विक्री परवडते का?

प्रश्न : मी दोन वर्षांपासून सरपण विकतो. फोडताना उरलेल्या बारीक लाकडांच्या चिपाट्या (आग पेटवायला लागणारे बारीक तुकडे) करून त्यांच्या जुड्या विकाव्यात, असा विचार आहे. परंतु गेल्या खेपेची लाकडे धुमसतात, अशी तक्रार गिऱ्हाइकांनी केल्यामुळे मन धजावत नाही.

उत्तर १ : आधी ओलावा तपासा. ताज्या तोडीच्या लाकडाचे जवळजवळ निम्मे वजन पाण्याचेच असू शकते, आणि ते पाणी उडवण्यातच बरीच उष्णता खर्ची पडत असल्यामुळे ज्वाळेऐवजी धूर मिळतो. ओलावा २० टक्क्यांच्या आत हवा. ओलावा मोजणाऱ्या मापकाच्या सुया ओंडक्याच्या टोकाला न टोचता, तो नव्याने फोडून आतल्या बाजूवर टोचाव्यात, कारण टोक नेहमीच अधिक सुकलेले असते. रास जमिनीपासून उचलून रचावी आणि फक्त माथा झाकावा. चहूबाजूंनी ताडपत्री गुंडाळणे म्हणजे लाकूड वाफवणेच होय (हा उद्योग मीही केला आहे).

उत्तर २ : चिपाट्यांसाठी सरळ तंतूंचे, गाठी नसलेले मऊ लाकूड निवडावे आणि अंगठ्याहून जाड तुकडा ठेवू नये. फोडताना तुकडा बोटांनी न धरता दुसऱ्या काठीने टेकवून धरावा. खरा खर्च मजुरीचा असतो, म्हणून एका तासात किती जुड्या होतात हे मोजल्याशिवाय भाव ठरवू नका.

उत्तर ३ : सरपण वजनावर विकत असाल, तर ओले लाकूड विकणाऱ्याचाच फायदा होतो आणि गिऱ्हाइकाला ते कळते. रचलेल्या राशीच्या मापाने विका.