पोरीसाठी सुकन्या का पीपीएफ? आपला पैसा तर वर्षातून एकदाच येते

कास्तकार_दारव्हा:
नमस्कार मंडळी. सहा एकर कोरडवाहू, कपाशी अन् तूर. मिसेस शिक्षिका. पोरगी ४ वर्षांची, पोरगा ९ चा. बारावीनंतरच्या शिक्षणासाठी आतापासून बाजूला टाकायचं आहे, कोणी म्हणते सुकन्या (पोरींसाठीची सरकारी बचत योजना) काढ टॅक्स वाचते, कोणी म्हणते पीपीएफ (कोणालेही काढता येणारं लांब मुदतीचं सरकारी बचत खातं), पण मले दर महिन्याले जमत नाही, कापूस विकला की डिसेंबर-जानेवारीतच हातात पैसा, मंग हप्ता चुकला तर खातं बंद पडते का? अन् शेतीच्या उत्पन्नावर टॅक्सच नाही तर ८०सी चं, म्हणजे अशा बचतीवर मिळणाऱ्या टॅक्स सुटीचं, मी काय करू?

वणीची_ताई:
दादा महिन्याचं बंधनच नाही. सुकन्यात वर्षाले कमीत कमी २५०, जास्तीत जास्त दीड लाख, एकदम भरा नाहीतर जमंल तसं. एखादं वर्ष कोरडंच गेलं तर ५० रुपये दंड अन् राहिलेले २५० भरले की खातं पुन्हा चालू. फक्त महिन्याच्या ५ तारखेच्या आत भरत जा, ६ ले भरलं तर त्या रकमेवर त्या महिन्याचं व्याज गेलं. पोरगी दहाची व्हायच्या आत खातं काढा. पोराले सुकन्या नाही, त्याले पीपीएफ.

पोस्टातला_माणूस:
८०सी फक्त जुन्या टॅक्स पद्धतीत, वहिनी नव्या पद्धतीत असतील तर त्यांनाही ती सूट नाही. तरी काढाच, कारण व्याज पूर्ण करमुक्त. सुकन्याले जानेवारी २०२४ पासून ८.२ टक्के, पीपीएफले ७.१, दर तिमाहीले सरकार आढावा घेते. सुकन्यात वर्षाले २४ हजार टाकले अन् दर हाच राहिला तर १५ वर्षांत साडेसहा-सात लाख होतात.
पण एक गोष्ट नीट समजून घ्या भाऊ, इथंच लोक फसतात. सुकन्याचं खातं काढल्यापासून २१ वर्षांनी पिकते. शिक्षणासाठी मधात काढायचं तर पोरगी १८ ची किंवा दहावी पास पाहिजे, मागच्या मार्चअखेरच्या शिलकीच्या अर्ध्यापर्यंतच, अन् तेही अॅडमिशनच्या कागदावर जेवढी फी अन् बाकी चार्जेस दाखवले तेवढंच. नागपूरले रूम केली, मेस लावली, तो खर्च त्या कागदावर येत नाही. आपल्या गावच्या पोरीचा अर्धा खर्च तर तोच असते!

कास्तकार_दारव्हा:
मंग मेसचा पैसा कुठून आणू?

पोस्टातला_माणूस:
तुमच्या नावानं पीपीएफ. वर्षाले किमान ५००, सातव्या वर्षापासून थोडं काढता येते, कशासाठी ते कोणी विचारत नाही. पोराच्या नावानं काढलं तर तुमचं अन् त्याचं मिळून वर्षाले दीड लाखाचीच मर्यादा. अन् कास्तकारासाठी मोठी गोष्ट म्हणजे कर्जापायी कोर्टाचा हुकूम आला तरी पीपीएफवर जप्ती येत नाही. नापिकीच्या वर्षी बाकी सगळं जाते, लेकरांचं एवढं तरी राहते.

वणीची_ताई:
अन् जाताना पोरीचा जन्मदाखला, तुमचं आधार, पॅन, फोटो घेऊन जा. एका पोरीचं एकच खातं निघते, आधी वहिनीनं कुठं काढलं नाही ना ते विचारून घ्या.