शेतकरी दुसरा, व्यापारी चौथा: प्राचीन चीनची उतरंड खरी की कागदी?

नांगरधारी:
विद्वान-अधिकारी, मग शेतकरी, मग कारागीर आणि तळाला व्यापारी. ही चिनी उतरंड मला आपल्या वर्णांपेक्षा शहाणी वाटते. जो पिकवतो तो वर, जो नुसता इकडचं तिकडे करतो तो खाली. हान घराण्याचा पहिला सम्राट ल्यू बांग स्वतः शेतकऱ्याच्या घरातला. त्यानं व्यापाऱ्यांना रेशीम नेसायला आणि रथातून मिरवायला बंदी केली, वर जास्त करही लावला. याला म्हणतात शेतकऱ्याचा मान!

बोरू:
मान दिला, भाकरीचं काय? इ.स.पू. २ऱ्या शतकात छाओ त्स्वो नावाच्या अधिकाऱ्यानं हान सम्राट वन याला लिहिलेला अर्ज वाचा. पाच माणसांचं कुटुंब, त्यातले किमान दोघं सरकारी वेठीवर. जमीन शंभर मू (जमिनीचं माप), पीक शंभर शीच्या (धान्याचं माप) वर जात नाही. कर वेळी-अवेळी. घरात माल असेल तो अर्ध्या किमतीला विकायचा, नसेल तर दामदुपटीनं कर्ज काढायचं. शेवटी शेत, घर आणि पोटची पोरं विकायची. त्याच वेळी व्यापारी साठेबाजी करून दुप्पट नफा कमावतोय. छाओचं म्हणणं असं की कायद्यानं हलका ठरवलेला व्यापारी श्रीमंत झाला आणि थोर ठरवलेला शेतकरी कंगाल.

नांगरधारी:
ही अंमलबजावणीतली खोट झाली. उतरंडीमागच्या कन्फ्यूशियसच्या तत्त्वात काय चूक?

शंकासुर:
शेतकऱ्याचा कळवळा कन्फ्यूशियसच्या नावावर खपवू नका. एका शिष्यानं शेती शिकवा म्हटलं, तर गुरुजींनी त्याला म्हाताऱ्या शेतकऱ्याकडे जा म्हणून सांगितलं आणि पाठ वळताच त्याला क्षुद्र ठरवलं. त्याच्याच पंथाचा मेन्शियस तर सरळच सांगतो की डोक्यानं राबणारे राज्य करतात आणि अंगानं राबणारे त्यांना पोसतात.
शेतीवर खरा जोर दिला तो हानच्या आधीच्या छिन राज्यातला मंत्री शांग यांग यानं, इ.स.पू. ४थ्या शतकात. त्याला धान्य हवं होतं आणि सैनिक. भरपूर धान्य-कापड देणाऱ्याला वेठ माफ, लढाईत शत्रूचं मुंडकं आणणाऱ्याला दर्जा. पाच-पाच, दहा-दहा घरं एकमेकांना जामीन, एकाचा गुन्हा लपवला की बाकीचेही अडकले. शेतकरी जमिनीला खिळलेला असतो, त्यामुळे तो मोजता येतो. व्यापारी हातात सापडत नाही, सगळा राग त्याचा.

बोरू:
+१. आणि मोजणी किती बारीक! १९७५ साली हुबेईत श्वेहुदी इथे छिन काळातल्या एका कारकुनाच्या थडग्यात बांबूच्या पट्ट्यांवर लिहिलेले कायदे सापडले. सरकारी कोठारात उंदराची तीन किंवा जास्त बिळं निघाली तर एका ढालीचा दंड, दोनपर्यंत नुसती खरडपट्टी. चिचुंद्रीएवढ्या लहान उंदराची तीन बिळं मिळून मोठ्याचं एक धरायचं! मला हे वाचून हसू आलं, पण कोठारवाल्याला आलं नसणार.

पेठकर:
'तळाचे' व्यापारी कुठवर चढले तेही बघा. व्यापारी ल्यू बुवेइ छिनचा मुख्यमंत्री झाला. ल्वोयांगच्या व्यापाऱ्याचा मुलगा सांग होंगयांग यानं हान सम्राट वू याच्यासाठी मीठ-लोखंडाची सरकारी मक्तेदारी चालवली. इ.स.पू. ८१मध्ये दरबारात वाद झाला तेव्हा कन्फ्यूशियसपंथी म्हणाले, सरकारी अवजारं महाग आणि बोथट, शेतकरी मरतोय. सांग म्हणाला, मग सरहद्दीवरच्या फौजेला पैसा कुठून आणू? मीठ-लोखंडाची मक्तेदारी बहुतांशी टिकली.

नांगरधारी:
म्हणजे निदान जन्माची बेडी नव्हती. इ.स.पू. २०९चं छिनविरुद्धचं बंड मोलमजुरी करणाऱ्या छन शंगनं उभं केलं. जातीत हे जमतं का?

शंकासुर:
बंड करून वर जाता येतं, ही काही व्यवस्थेची मोकळीक नव्हे. इ.स.पू. १२४मध्ये राजधानीतल्या, अधिकारी घडवणाऱ्या सरकारी विद्यापीठात विद्यार्थी किती घेतले? पन्नास.

चरखा:
शांग यांगच्या माफीत धान्याबरोबर कापडही मोजलंय. ते विणलं कोणी? पुरुषानं नांगरायचं, बाईनं विणायचं, ही तर तिथली ठरलेली वाटणी. तुमच्या चार पायऱ्यांत ती कुठे बसते?

नांगरधारी:
नवऱ्याच्या पायरीवर. वेगळी मोजायची कशाला?

चरखा:
कर भरताना तिचं कापड मोजतात म्हणून.